शेवटचा हिरवा लेथ

नागाओकातल्या ओसाकींच्या कारखान्यात लेथ यंत्रं बनायची. त्यांच्या खडबडीत बिडाच्या अंगावरचे खड्डे बुजवायला लांबी भरायची, पाणी लावून घासायचं आणि हिरवा रंग चढवायचा, हे काम तोमे कुवाबाराचं. शाळकरी वयात युद्धाच्या कामाला म्हणून तिला आणलं होतं. बॉम्बफेकीत कारखाना जळाला, थोरल्या ओसाकींनी राखेतले पत्रे वेचून भाताची पातेली ठोकायला घेतली, तेव्हाही ती होती. पुढे कोरियात युद्ध पेटलं आणि लेथला पुन्हा भाव आला. तोमेचं लग्न झालं, नवरा गेला, लेक तोक्योला नांदायला गेली. घासणं काही सुटलं नाही. बर्फाच्या दिवसांत बोटं भेगाळायची, ती त्यांना घोड्याची चरबी चोळायची.

मग संगणकावर चालणारी यंत्रं आली आणि ओसाकींचा हात तोकडा पडला. थोरले वारले. धाकट्यांनी खूप ओढाताण केली आणि शेवटी कारखाना नागोयाच्या एका मोठ्या कंपनीच्या पदरात टाकला.

धाकटे ओसाकी रंगाच्या शेडमध्ये आले तेव्हा तोमे डबा उघडत होती.

"तोमेकाकू, यापुढे यंत्रं पांढरी. रंगही तिकडूनच लागून येणार. हा शेवटचा हिरवा लेथ. समारंभ करू म्हणतो, तुम्ही दोन शब्द बोला."

"काय बोलू? पाठ दुखते म्हणून सांगू?"

"बाबा असते तर..."

"तेही बसायला खुर्चीच शोधत असते. बैस. तोंड बघ कसं सुकलंय."

तिने आपला अर्धा भाताचा गोळा त्यांच्या हातावर ठेवला. खाता खाता त्यांचे डोळे भरून आले.

"तुम्हाला कारखान्याच्या खानावळीत कामाला घ्या, असा नव्या मालकांकडे शब्द टाकलाय मी."

"परत घे बाबा तो. मला आता नुसतं बसायचंय."

समारंभात सगळ्या बायका डोळे पुसत होत्या. शेजारी उभी राहून आयुष्यभर रंग कालवणारी किनू तिला म्हणाली, "दगड आहेस का गं? टिपूससुद्धा नाही!"

"रडायलाही अंगात जोर लागतो, किनू."

आता ही झुरणार, असं गल्लीत सगळ्यांना वाटलं. ती झुरली नाही, हिवाळाभर झोपली. बर्फ वितळल्यावर लेक न्यायला आली.

"आई, चल आता तोक्योला."

तोमेने कूस बदलली. "येईन गं. जरा थकवा उतरू दे."