सारवलेलं खळं

डोमाजींनी ताडपत्रीचा कोपरा उचलला आणि तसाच हातात धरून उभे राहिले. खाली इसबगोलाचं बी पसरलेलं असायला हवं होतं. फिकट गुलाबी, बोटांतून वाळूसारखं निसटणारं. मी वाकून मूठ भरायला गेले तर मुठीत बी आलं नाही, पापुद्रा आला. बोट दाबलं तर आत गेलं आणि बाहेर आलं तेव्हा त्याला तार सुटली.

‘काहून झालं बाई असं?’ डोमाजी म्हणाले. ‘पानी तं थेंबभर नाई लागू देल्लं. बादली बी लांब ठेवली होती.’

ते खरं बोलत होते. त्यांना पाण्याची भीती मीच घालून दिली होती.

हे सत्तरच्या दशकातलं. नागपूरच्या वेशीवर औषधी वनस्पतींचं एक केंद्र होतं, तिथे मी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पद टेम्पररी, खुर्ची एका हाताची, टेबल मात्र भलं मोठं. कामं सगळी माझ्याकडे आणि सह्या साहेबांच्या, अशी सुटसुटीत वाटणी होती.

इसबगोल सगळ्यांना औषधाच्या दुकानातून ठाऊक असतं, पोट साफ व्हायला. झाड फारसं कुणी पाहिलेलं नसतं. इंग्रजीत या कुळाला ‘प्लँटेन’ असं केळ्याचंच नाव आहे, त्यामुळे केंद्र पाहायला येणारे मोठे लोक केळीची बाग शोधत. दाखवायचं ते वीतभर झाड. त्याला खोड म्हणावं असं काही नाही. पानं जमिनीतूनच गोल पसरतात, आणि त्यांच्या शिरा गवतासारख्या लांबीनं जातात, झाड गवताचं नसूनही. मधून एक बिनपानाचा दांडा वर येतो, त्याच्या टोकाला ओंबी. ओंबीत बारकी फुलं दाटीनं बसलेली, चार चार पाकळ्यांची, कागदासारखी कोरडी. रंग नाही, वास नाही, मध नाही. कारण या फुलाला मधमाशीशी कर्तव्य नाही, त्याचा सगळा व्यवहार वाऱ्याशी. आधी स्त्रीकेसर बाहेर डोकावतं, मागाहून पुंकेसर लांब दोऱ्यांवर लोंबू लागतात, आणि परागकण वाऱ्यावर जातात. एका मंत्र्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि ‘यात बघण्यासारखं काय आहे?’ असं विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता.

बघण्यासारखं आहे ते फळ. फळ म्हणजे दाण्याएवढी डबी. तिला कमरेवर एक रेघ असते. पिकली की त्या रेघेवर झाकण सुटतं आणि आतल्या होडीच्या आकाराच्या दोन बिया खाली पडतात. झाडाच्या दृष्टीनं ही सोय आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीनं शाप. पिकलेल्या ओंबीवर पावसाचा एक शिडकावा झाला, नुसती ढगाळ हवा आणि दमट वारा आला, तरी झाकणं पटापट सुटतात आणि पीक मातीत जातं. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चात एकदा तरी आभाळ येतंच. म्हणून विदर्भात इसबगोलाला कुणी हात लावून बघत नव्हतं.

एका फेब्रुवारीत केंद्रातल्या वाफ्यांवर असाच पाऊस झाला. सकाळी गेले तर सगळ्या ओंब्या रिकाम्या. एका झाडाची मात्र भरलेली. मी ती ओंबी चोळली, झटकली, भिजवून पाहिली. झाकणं जागची हलली नाहीत. तळहातावर रगडल्यावर कुठे उघडली. मी तिथेच चिखलात बसले. आयुष्यात असं झाड एकदा दिसतं, पुष्कळांना तेही दिसत नाही.

त्या एका झाडाचं बी मी हिवाळ्यामागून हिवाळे वाढवलं. शेजारच्या वाफ्यातल्या साध्या इसबगोलाचे परागकण वाऱ्यानं येऊ नयेत म्हणून ओंब्यांना कागदी पिशव्या घालत होते. पण पिशव्या घालून वाटीभर बी होतं, पोतंभर होत नाही. त्यासाठी असं शेत हवं होतं जिथे आसपास दुसरं इसबगोल नाही. कामठीच्या पुढे कन्हानच्या काठी डोमाजींचं शेत मिळालं. रेताड जमीन, विहीर, आणि नवराबायको दोघंही कामाला चोख. डोमाजी कमी बोलत. त्यांची बायको कौसाबाई त्यांच्या वाटणीचंही बोलत असे.

पेरणीच्या वेळी मी साहेबांना म्हटलं की मूठभर बी मागे ठेवू या.

‘कशासाठी?’

‘असावं म्हणून, सर.’

‘मॅडम, पुडीत ठेवलेलं बी वाढत नाही. वर्षभरात मला तुमचं हे झाड एकरात दाखवायचं आहे. सगळं पेरा.’

साहेब वाईट नव्हते, घाईत होते. वरून त्यांना दर महिन्याला विचारणा व्हायची की इतकी वर्षं तुम्ही नेमकं करता काय. मी सगळं पेरलं.

हिवाळाभर मी तिथे जात होते. पहिल्यांदा गेले तेव्हा माझी पाण्याची बाटली घेऊन गेले, पिशवीत दिसेल न दिसेल अशी. ती सवय आईनं लावलेली होती. आम्ही नागपुरातले, छप्पन साली दीक्षा घेतलेले. आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते पाहायची मला सवय होती. कौसाबाईंनी आडनाव ऐकलं, मान हलवली आणि आत जाऊन पितळी पेल्यात पाणी आणलं. मी प्यायले. पेला त्यांनी बाकीच्या भांड्यांतच ठेवला. मी मुद्दाम पाहत होते हे त्यांच्या लक्षात आलं असणार, कारण पुढच्या वेळी त्यांनी भांडी माझ्यासमोरच घासली आणि घासताना लेकीच्या सासरच्या गोष्टी सांगितल्या. बाटली मी पुढे नेली नाही.

पीक उत्तम आलं. मी दोघांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं, या बियाला पाणी म्हणजे काळ. त्याच्या सालावर चिकट द्रव्य असतं. पाणी मिळालं की साल फुगतं आणि शेंबडासारखं होतं, पोटात गेल्यावर कामही त्यानंच होतं. कापताना दव नको, ओला हात नको, ओलं पोतं नको. डोमाजी प्रत्येक गोष्टीला हुंकार भरत. कौसाबाई म्हणाल्या, ‘म्हंजे तुमचं बी मांजरीसारखं हाय. पान्याले भेते.’

कापणीच्या दिवशी मी आणि साहेबांनी जीपनं जायचं ठरलं होतं. त्या दिवशी जीप साहेबांबरोबर भंडाऱ्याला गेली आणि नेमकं त्याच दुपारी आभाळ भरून आलं. साहेबांचा तिकडून फोन.

‘आभाळ पाहिलं? त्यांना निरोप द्या. आजच कापा, आजच बडवून बी मोकळं करा. आपली वाट पाहू नका म्हणावं.’

‘सर, याची झाकणं पावसात सुटत नाहीत. म्हणून तर आपण ते धरलं.’

‘वाफ्यात सुटली नाहीत. शेतात पाहिलंय का तुम्ही?’

नव्हतं पाहिलं. त्या झाडावर माझाही भरवसा खिडकीतून आभाळ पाहीपर्यंतच होता, हे खरं. मी गावातल्या खताच्या दुकानात फोन लावून निरोप दिला. निरोप पोचला. दोघांनी जेवण टाकून कापणी केली, पेंढ्या खळ्यावर आणल्या आणि काठीनं बडवायला घेतल्या. झाकणं घट्ट होती, त्यामुळे पुष्कळ बडवावं लागलं. पावसाला न उघडणारी डबी त्यांनी अंधार पडेपर्यंत मारून मारून उघडली. मग उफणायला उभे राहिले तर वारा नाही. उफणणीला वारा लागतो, त्यावर भूस उडतं आणि बी सरळ खाली पडतं. ज्या वाऱ्यावर या झाडाचा सगळा संसार चालतो तो त्या संध्याकाळी आलाच नाही. म्हणून त्यांनी बी भुसासकट खळ्यावर पातळ पसरलं आणि पाऊस आला तर भिजू नये म्हणून वर ताडपत्री घातली, कडेला दगड ठेवले.

पाऊस आला नाही. मी सकाळच्या एसटीनं पोचले तेव्हा आभाळ उघडायलाच लागलं होतं.

पापुद्रा हातात घेऊन मी पाहत होते की ओल आली कुठून. ताडपत्री वरून कोरडी, दगड कोरडे. मग पापुद्र्याची खालची बाजू पाहिली. तिथे हिरवट शेण होतं. खळ्याच्या कडेला, जिथे ताडपत्री पोचली नव्हती, तिथे बोटांनी ओढलेल्या सारवणाच्या चंद्रकोरी अजून ताज्या दिसत होत्या. आणि कोपऱ्यात रांगोळी होती. पेंढ्यांच्या ओढाताणीत पुसट झालेली.

‘खळं सारवलं होतं?’ मी विचारलं.

कौसाबाई पुढे आल्या. ‘काल पहाटेच सारवलं. तुमी येनार होत्या ना, म्हून. पाहुन्याले का धुळीत बसवाव?’

आता कुणालाही वाटेल की सारवण म्हणजे पाणीच की. तसं ते नसतं. गव्हाचं खळं सारवतात, चण्याचं सारवतात. सारवल्याशिवाय खळ्यावर धान्य टाकणं म्हणजे न धुतल्या ताटात वाढणं. पाणी ते विहिरीत असतं, बादलीत असतं. सारवण ही स्वच्छता. ऊन असतं तर दुपारपर्यंत ते हाडासारखं वाळलं असतं. आभाळामुळे वरून सुकलं आणि आत ओल राहिली, आणि ताडपत्रीनं ती रात्रभर कोंडून धरली. केंद्रात आमचं खळं सिमेंटचं होतं. त्यामुळे मला सारवण आठवलं नाही आणि त्यांना ते पाणी वाटलं नाही.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र भलतंच आलं. माझी आई लहानपणी ज्या अंगणांत कामाला जायची तिथे ती निघाली की मागून पाणी शिंपडत. तिनं ते मला कधी रडत सांगितलं नाही, कसं शिंपडायचे ते हात करून दाखवायची. आणि इथे मी यायच्या आधी एका बाईनं पहाटे उठून, वाकून, माझ्यासाठी अख्खं खळं सारवलं होतं. असं माझ्यासाठी कुणी कधी केलं नव्हतं. त्याच सारवणात माझं झाड गेलं. मी रागावणार कुणावर?

‘माह्या हातानं गेलं का बाई?’ कौसाबाईंनी विचारलं.

‘नाही. आभाळानं गेलं.’

त्यांनी खाली पाहिलं, पायाच्या अंगठ्यानं सारवण खरवडलं, अंगठ्याला लागलेला चिकटपणा पाहिला. मला खोटं बोलता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

वरवरचं जेवढं सुटं होतं तेवढं मी पदरात गोळा करून नेलं, टीपकागदावर वाळवलं. पुढच्या हिवाळ्यात पेरलं. बहुतेक सडलं. एक-दोन रोपं ओंबीवर आली, पण गुण अजून सगळ्याच बियांत पक्का झालेला नसावा, त्यांची झाकणं चारचौघांसारखी सुटली. त्यानंतर दर फेब्रुवारीत पाऊस पडला की मी वाफ्यांतून ओंब्या चोळत फिरायची. नोकरी संपेपर्यंत फिरले. तसं झाड पुन्हा मिळालं नाही. विदर्भात इसबगोल आजही कुणी फारसं लावत नाही.

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी रिपोर्ट मागितला.

‘चूक कोणाची?’

‘कोणाचीच नाही, सर.’

‘असं रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही. शेतकऱ्यानं सूचना पाळल्या नाहीत असं लिहा.’

‘पाळल्या, सर. आपणच आभाळाला भ्यायलो. ओंबीत राहू दिलं असतं तर बी शाबूत असतं.’

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ निरभ्र होतं. शेवटी ‘अवेळी ओलावा’ असे दोन शब्द लिहून आम्ही दोघांनी सह्या केल्या. पुष्कळ वर्षांनी, त्यांच्या निरोपसमारंभात, हार काढून ठेवताना ते मला म्हणाले, ‘मूठभर ठेवू द्यायला हवं होतं मी.’ मी म्हटलं, जाऊ द्या सर. जाऊ देण्यासारखं ते नव्हतं.

पण मला आजही टोचतं ते वेगळंच. पुढे बऱ्याच वर्षांनी एका कामानिमित्त त्या बाजूला गेले. येते असा निरोप आधी पाठवला होता. कौसाबाई थकल्या होत्या, दात गेले होते. मला पाहून लगबगीनं उठल्या आणि बाजेवर घोंगडी घातली. अंगण धुळीनं भरलेलं होतं, सारवण जागोजागी उखडलेलं. मी ते पाहतेय हे त्यांनी पाहिलं.

‘नाई सारवलं बाई,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचा निरोप आला, तवापासून हातच नाई लावला. तुमच्या कामाले ओल चालत नाई ना.’

मी म्हटलं की आता माझ्याकडे कसलं बी नाही, मी नुसती भेटायला आले. त्या ‘हो हो’ म्हणाल्या आणि पितळी पेल्यातून पाणी घेऊन आल्या. शेजारी त्यांच्या जाऊबाईंचं अंगण लख्ख सारवलेलं होतं.

या धंद्यात मी एवढंच शिकले. झाडाला काय चालत नाही ते शेतकऱ्याला जरूर सांगावं. पण आपल्याला काय आवडलं होतं, तेही त्याच वेळी सांगून टाकावं. मी ते सांगितलं नाही, आणि त्या बाईनं माझ्यासाठी पुन्हा कधी सारवलं नाही.