सरांचं फोल्डर

कुलकर्णी सर गेल्या महिन्यात वारले. ऑफिसच्या सर्व्हरवरचं त्यांच्या नावाचं फोल्डर मी काल डिलीट केलं. आज सकाळी ते पुन्हा तिथेच होतं, रिकामं.

सरांनीच पर्ल या संगणकभाषेत लिहिलेला प्रोग्राम रोज सकाळी यादी बघून प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये त्याच्या कामाच्या फायली नेऊन ठेवतो. फोल्डर सापडलं नाही, तर तो मुकाट्याने नवं बनवतो. माणूस गेल्याचं त्याला कोण सांगणार? मला तर सांगितलं होतं, तरी मी अजून दोन चहा मागवतो.

"यादीतून नाव काढ, मग नाही येणार," शेजारच्या सुलभाताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

यादी उघडली. ज्येष्ठतेनुसार लावलेली. सगळ्यात वर सर, त्यांच्याखाली मी.

मी ती तशीच बंद केली. सरांचं नाव काढलं, की वर माझं येणार होतं.