बायाक्काची लॅटिन

बायाक्का वडगावच्या विणकराच्या घरातली. बेळगावातल्या आमच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, तिने तीस वर्षं स्वयंपाक केला. तिथेच मी अकरा वर्षं लॅटिन शिकवतोय, एम.ए., सुवर्णपदक वगैरे. तिला सही करतानाही घाम फुटतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझी लाज नीट कळेल.

इथेच राहणारे निवृत्त फादर आन्सेल्म गोव्याचे, त्यांचे दिवंगत मित्र, इथलेच दुसरे फादर, हंगेरीचे. तरुणपणी दोघांनी लॅटिनमध्येच गप्पा मारल्या, भांडणं केली. म्हातारपणी जेवणाच्या टेबलावरही तीच चालायची. वाढता वाढता बायाक्का त्यात तोंड घालू लागली. मीठ कमी आहे का, भात आणखी हवा का, सगळं लॅटिनमध्ये. थंडीत फादरांच्या गुडघ्याला तेल चोळताना ती विचारायची, "उबी दोलेत?" म्हणजे, कुठं दुखतं? आम्ही शिक्षक हसायचो. मी तर सगळ्यांत मोठ्याने.

गेल्या महिन्यात ब्याण्णव वर्षांच्या फादरांना ताप चढला आणि कोकणी, इंग्रजी, मराठी सगळं पुसलं गेलं. इस्पितळात ते सारखे ओरडत, पुटपुटत. डॉक्टर म्हणाले, भ्रम झालाय. हात बांधावे लागले. तीन दिवस मी उशाशी बसून होतो. मलाही ती बडबडच वाटली.

चौथ्या दिवशी बायाक्का पेज घेऊन आली. त्यांच्या बोळक्या तोंडाजवळ कान नेऊन म्हणाली, "उबी दोलेत, पातेर?"

फादर रडत रडत बोलू लागले. ऐकून ती माझ्याकडे वळली. "सर, फादर पडल्यात वं! खुब्यात दुखतंय म्हणूलाल्यात. कवाधरनं सांगूलालोय, कोण ऐकतच न्हाय म्हणत्यात."

एक्स-रेत खुबा मोडलेला निघाला. मी हादरलोच. 'चेचिदी', मी पडलो, हा शब्द दरवर्षी फळ्यावर मीच लिहितो. तोच ते तीन दिवस माझ्या कानाशी ओरडत होते! कागदावर असता तर झोपेतही ओळखला असता. जिवंत माणसाच्या तोंडून आला आणि मला कळलाच नाही. त्यांचे हात बांधायला होकारही मीच दिला होता.

शस्त्रक्रियेला नेताना फादरांनी माझं मनगट धरलं आणि काहीतरी म्हणाले. मी कानात प्राण आणून ऐकलं.

"आक्का, काय म्हणतायत?"

"तुमालाच सांगूलाल्यात की, सर."

"मला कळलं नाही गं."

"थंडी वाजत्याय म्हणत्यात. पांघरूण घाला."

मी चादर त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली.