हाताला लागलेलं विशेषण

आमच्या गल्लीतल्या बाई धारवाडच्या सरकारी मराठी शाळेत तिसरीला शिकवतात. दाजीबानपेठेतून आणलेल्या कापडाच्या तुकड्यांची पिशवी त्या वर्गात फिरवतात. डोळे मिटून आत हात घालायचा आणि हाताला लागेल तेच विशेषण वहीत लिहायचं: खरखरीत, गार, मऊ. कुणी ‘सुंदर’ लिहिलं की विचारतात, “हे हाताला लागलं का रे?”

शाळा बंद करायचा हुकूम आला, तेव्हा मी तावातावानं निवेदन लिहून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी ‘जुलमी’, ‘निर्लज्ज’, ‘काळा’, सगळं लाल पेनानं खोडलं.

“अक्का, भ्यालात का?” मी चिडून विचारलं.

“भ्याले तर! नोकरी आहे माझी.”

मग मुलांना आता जावं लागणार त्या दुसऱ्या मराठी शाळेच्या उल्लेखाआधी त्यांनी एकच शब्द घातला: ‘लांब’.

“काल सगळ्या वर्गाला तिथवर चालवत नेलं. दोघी वाटेतच रडल्या. हे विशेषण आमच्या पायांना लागलंय.”

सरकारी नोकरांना अशा कागदावर सही करायला बंदी आहे. त्यांनी पहिली सही केली.

त्यांना भित्र्या म्हणावं की शूर, मला कळत नाही. उद्या निवेदन कचेरीत द्यायचं आहे आणि ‘जुलमी’ परत लिहायला माझा हात धजत नाही.