दशरथची लाल टोपी

फौजी घरी येतो तेव्हा त्याच्या ट्रंकेत फार काही नसतं. दोन कांबळी, एक मग, एक बुटांचा जोड. किस्से मात्र न बांधता बरोबर येतात आणि वापरले नाहीत तर त्यांचा ढीग होतो. साकोलीच्या बस स्टँडसमोर चहाच्या टपरीत आम्ही तिघं महिन्यातून एकदा बसायचो, तेव्हा तो ढीग उपसायचो. मी साकोलीचा. सीताराम बपेऱ्याचा, बुटका. दशरथ आसगावचा, उंच. तिघंही एकाच पॅरा पलटणीतले. विमानातून छत्रीनं शत्रूच्या मागे उतरायचं आणि लढायचं, हे आमचं काम. एकाहत्तरच्या लढाईत आम्ही ते केलं.

मी सेक्शनचा हवालदार होतो. चौथी शिकलेलो. बोलणं मला फारसं जमत नाही. पण हे सांगायलाच पाहिजे, कारण दशरथला उंचीची भीती वाटायची.

पॅरा पलटणीत!

आमची टोपी गडद लाल. ती कमवावी लागते. जो अडला, ज्यानं एकदा "नाही" म्हटलं, त्याची टोपी त्याच दिवशी काढून घेत आणि त्याला जुन्या पलटणीत परत पाठवत. दशरथला ती टोपी जिवापेक्षा प्यारी. ती राहते की जाते, याच काळजीत त्याची सगळी नोकरी सरली. आणि माझीही.

*

आधी त्याला विचारा, पॅरात आलाच कशाला? आमच्या कंपनीच्या मेजर साहेबांनीही हेच विचारलं होतं. पॅरात जबरदस्तीनं कोणाला घेत नाहीत. स्वतःहून हात वर करावा लागतो. सगळे रांगेत उभे. कोणी म्हणे, देशासाठी. कोणी म्हणे, बहादुरीसाठी.

"तुम क्यों आया?"

दशरथ सावधानमध्ये ताठ. "साहब, सीताराम आया!"

मेजर साहेबांनी सीतारामकडे पाहिलं. "और तुम?"

"साहब, यहाँ अंडे ज़्यादा मिलते हैं!"

दोघांनाही घेतलं. साहेब म्हणाले, सच बोलनेवाले दो ही मिले.

*

आग्र्याला ट्रेनिंग. टॉवरवर चढायचं आणि दोरीला बांधून खाली उडी मारायची. दशरथ शिडीच्या चौथ्या पायरीवर थांबला. शिडी दोन्ही हातांनी गच्च धरली. खाली उस्ताद ओरडतो आहे. मी जवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "काय झालं बे?"

"हवालदार, खाली दिसून राहिलं."

"मंग डोळे मीट!"

त्यानं मिटले आणि चढला. वर दुसऱ्या उस्तादनं कमरेला दोरी बांधली, तेव्हा डोळे उघडले आणि उडी अशी मारली की उस्ताद सगळ्यांना म्हणाला, उडी अशी मारायची.

विमानात तेच. आत चढायची शिडी पाच पायऱ्यांची. तिथं याचे पाय लटपटत. सीताराम मागून ढकलायचा, मी पुढून ओढायचो. आत बसला की शांत. दरवाजा उघडा, वारा घोंघावतो आहे, पोरं देवाचं नाव घेत आहेत आणि हा जांभया देतो आहे! त्याचा नंबर आला की निघून जायचा. जणू घरातून अंगणात गेला.

विमानात पोरांकडून उड्या मारून घेणाऱ्या सुभेदारानं एकदा मला बाजूला घेतलं. "हवालदार, यह कैसा आदमी है? पाँच सीढ़ी पर काँपता है और हज़ार फ़ीट पर जम्हाई लेता है!"

मी म्हणालो, "साहब, हमारे भंडारा का है."

यापेक्षा जास्त मलाही माहीत नव्हतं.

*

टोपी मिळाल्यावर पहिली सुट्टी. दशरथ आम्हाला सासुरवाडीला घेऊन गेला. धान कापायचे दिवस. तरीही अर्धं गाव काम सोडून ओसरीत जमलं. जावई विमानातून उडी मारतो म्हटल्यावर शेतात कोण थांबेल? दशरथनं सगळं सांगितलं. विमान किती मोठं, दरवाजा कसा, छत्री कशी उघडते.

सासरा म्हातारा. सगळं नीट ऐकलं. सुपारी कातरत विचार केला. मग म्हणाला, "जावईबापू, एक विचारू का? राग नका धरू."

"विचारा न, मामाजी."

"ते विमान मंग खाली उतरतच असन ना?"

"उतरते न."

"मंग तुमी जरासा दम काहून नाही धरत?"

*

आता लढाईचं.

संध्याकाळ व्हायला आली होती. ऊन पिवळं. छत्रीला लटकत उतरत होतो, खाली नुसती धानाची शेतं आणि तलाव. मला क्षणभर वाटलं, चुकून आमच्या भंडाऱ्यातल्या लाखनीवर आलो! हुकूम साधा होता. नदीवर पूल आहे, तो धरायचा. शत्रू मागे हटतो आहे, तो याच पुलावरून जाणार. त्याला जाऊ द्यायचं नाही. आपली मोठी फौज येईपर्यंत टिकायचं.

सीताराम वायरलेस सेटसकट तलावात पडला. गावातली माणसं धावत आली. आधी सेट काढला, मग त्याला. त्यानं कान झाडला आणि म्हणाला, "चांगल्या लोकायचं गाव आहे. पहिले सरकारी सामान काढते."

जमलो आणि पुलाकडे निघालो. गोळ्या यायला लागल्या होत्या. मेजर साहेब म्हणाले, शेतातून वाकून चला. सगळी कंपनी शेतात शिरली. आणि आम्ही तिघं बांधावरून धावत सुटलो! ताठ! दुरूनही दिसेल असे!

"नीचे उतरो, बेवकूफ़ो!" साहेब ओरडले.

दशरथ धावता धावता ओरडला, "साहब, धान खड़ा है!"

खरं सांगतो, आम्ही ठरवून केलं नाही. उभ्या धानात पाय टाकायचा नाही, हे लहानपणी आजाच्या हातच्या काठीनं शिकलो होतो. पाय आपोआप बांधावर गेले. गोळी डोक्यावरून गेली तेव्हा कळलं की हे शेत आपलं नाही आणि राखणदार बंदूकवाला आहे.

पण झालं असं की शेतात गुडघाभर चिखल. कंपनी तिथं रुतली. पुलाच्या भरावावर पहिले आम्ही तिघं पोचलो. मशीनगन लावली, मग बाकीचे आले. साहेबांनी आम्हाला शिवीही दिली आणि पाठीवर थापही. आधी शिवी.

*

पुलाजवळ एक फणसाचं झाड होतं. मागच्या फौजेशी बोलणं होईना. सेटची तार उंच बांधायला हवी होती. साहेबांनी समोर जो दिसला त्याला सांगितलं.

समोर दशरथ होता.

"चढ़ो!"

मी म्हणालो, "साहब, मैं जाता हूँ."

"तुम सेक्शन देखो. दशरथ जाएगा."

लढाईत हुकूम नाकारला, तर नुसती टोपी जात नाही. दशरथ झाडाखाली गेला. खोडावर हात ठेवला आणि तसाच राहिला. मी पाहत होतो. काही करता येत नव्हतं. तेवढ्यात सीताराम सेट ठेवून सरपटत आला. दशरथच्या हातातून तार घेतली, सरसर चढला, तार बांधली, खाली आला. दशरथ सेटजवळ बसून राहिला. संधिप्रकाश. सगळ्यांची हेल्मेटं सारखी. बोलणं सुरू झालं. साहेब म्हणाले, "शाबाश, दशरथ!"

सीताराम त्याच्या कानात म्हणाला, "माह्या चढण्याची शाबाशी तू खाल्ली. आता माह्यावाटची चौकी तू कर."

दशरथनं त्याच्यावाटचा पहारा केला. पूल आम्ही धरला. शत्रूच्या गाड्या आल्या, त्यांना वाटलं आपलेच लोक आहेत. मग समजलं. आमचीही माणसं गेली. त्यांच्याबद्दल मी टपरीत बोलत नाही, इथंही नाही. दुसऱ्या दिवशी आपली फौज येऊन मिळाली.

पुढे साहेबांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी सगळ्यांशी हात मिळवत ते दशरथपुढे थांबले. आम्हाला वाटलं, पुढे जातील. म्हणाले, "दशरथ, उस पेड़ पर चढ़ते समय तुम्हारा क़द चार इंच कम हो गया था."

आणि पुढे गेले. टोपी राहिली.

*

लढाई संपली. शत्रूनं हत्यारं टाकली. कैद्यांमध्ये एक मोठा अफसर होता, सभ्य माणूस. सीताराम त्याला चहा द्यायला गेला. त्या लोकांत अफवा पसरली होती की आभाळातून हजारोंनी फौज उतरली. म्हणूनच ते घाबरले आणि पहिल्या गाड्यांनंतर पुलाकडे आलेच नाहीत. आम्ही होतो एक पलटण.

अफसरनं विचारलं, "अब तो बता दो, तुम लोग कितने उतरे थे?"

सीतारामनं चहा ओतला. "साहब, आधे."

"और आधे?"

सीतारामनं वर बोट दाखवलं. "उनका नंबर नहीं आया अभी."

तो अफसर खरोखर वर पाहायला लागला!

*

आम्ही रिटायर झालो. ऐंशी साल उलटलं होतं. एक दिवस दशरथचं पोस्टकार्ड आलं. "हवालदार, साक्ष द्यायला या. सीतारामलेही आना."

दोन एसट्या बदलून आसगावला गेलो. गावात नवी पाण्याची टाकी झाली होती. उंच, बाजूनं लोखंडी शिडी. सरपंचांनी जाहीर केलं होतं, सव्वीस जानेवारीला टाकीवर झेंडा लावायचा आणि तो आपला दशरथभाऊ लावणार. दशरथ "नाही" म्हणाला. झालं! गावात कुजबुज सुरू. हा फौजेत आचारी होता म्हणे. टोपी कोणाची तरी मागून आणली म्हणे. ज्या टोपीसाठी पलटणीत जीव टांगणीला लागला, ती घरी येऊन खोटी ठरत होती.

झेंड्याच्या दिवशी टाकीखाली सगळं गाव. एक म्हातारबा मला म्हणाला, "अहो, हा छपरावरचे कवेलू फेरायलेही गडी लावते! अन् म्हणते, विमानातून उडी मारली!"

सरपंच भला माणूस. म्हणाले, "हवालदार साहेब, तुमी मोठे. तुमीच सांगा. मारली का यानं उडी?"

"मारली," मी म्हणालो. "माझ्यासमोर. लढाईत."

"मंग टाकीवर काहून नाही चढत?"

"घाबरते."

"म्हणजे कोणतं खरं आहे?"

"दोन्ही."

लोक हसले. सीतारामवर लोक हसतात, त्याची त्याला सवय आहे. माझ्या शब्दावर कोणी हसलं नव्हतं. मी काठी आपटली.

दशरथ बाजूला उभा होता. कोटाचं बटन लावलं. टोपी सरळ केली. सरपंचांच्या हातातून झेंडा घेतला, काखेत धरला आणि शिडीला लागला. डोळे गच्च मिटलेले. एकेक पायरी हातानं चाचपत. लोकांचं हसू थांबलं. अर्ध्यावर तो थांबला तेव्हा सीतारामनं माझा दंड एवढा आवळला की दोन दिवस दुखला. मग पुन्हा चढला. वर पोचला. झेंडा बांधला. दोरी ओढली. आणि टाकीवर उभं राहून कडक सॅल्यूट ठोकला!

राष्ट्रगीत झालं. टाळ्या झाल्या. तो म्हातारबा माझ्याजवळ आला, हात जोडले, "माफ करा जी." मी म्हणालो, "मले नाही, त्याले म्हणा."

चिवडा वाटला. चहा आला. दशरथ येईना.

वर पाहिलं. टोपी तेवढी दिसत होती. झेंड्याच्या पाइपाला मिठी मारून बसला होता.

सरपंच तोंडाशी हात धरून ओरडले, "दशरथभाऊ! या न खाली! चहा थंडा होऊन राहिला!"

वरून कवायतीच्या मैदानावरचा खणखणीत आवाज आला.

"हवालदार! पलटणीले तार करा! छत्री पाठवा म्हणा!"