अस्तर जाळल्यावर

अमडापुरात गजेंद्रच्या कृषी केंद्रावर गर्दी असते ती मालासाठी कमी आणि त्याच्या तोंडासाठी जास्त. हा गडी तणनाशकाची बाटली नुसती हातात देत नाही. मारल्यावर काय दिसेल, किती दिवस दिसेल, त्यातलं कशाला घाबरायचं नाही आणि काय झालं तर पळत यायचं, हे सगळं गळी उतरवल्याशिवाय बाटलीवरचा हातच काढत नाही. असल्या बोलघेवड्या माणसानं आपल्या बायकोला मात्र एकच वाक्य सांगितलं. तेही अर्धं.

बायको पुष्पांजली. निम्म्या गावाचे ब्लाउज तिच्या मशीनवर शिवले जातात. गेली काही वर्षं पाळीत तिच्या अंगावरून इतकं जायचं, की लग्नाला जाताना ती गडद साडीच नेसायची आणि मशीनच्या स्टुलावर टॉवेलाची घडी ठेवायची. रक्त चढवून झालं, गोळ्या झाल्या. शेवटी बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, वाईट काही नाही, पिशवी काढायची गरज नाही, आतलं अस्तर तेवढं जाळून टाकू. अस्तर म्हटल्यावर पुष्पांजलीला लगेच उमगलं. अस्तर लावण्यातच तिचा जन्म गेला होता.

झाल्यावर ती गुंगीत होती. बाईंनी गजेंद्रला बाहेर बोलावलं आणि पुढं काय काय होईल ते नीट समजावून दिलं. तो आत आला आणि म्हणाला, "सगळं ठीक हाय. आराम कर म्हणते."

झालं. एवढंच.

आईला तर त्यानं आणखी सोपं करून सांगितलं: पिशवी साफ करून आणली. आता आपल्याकडं पिशवी साफ करतात ती दिवस राहावेत म्हणून, हे रुखमाबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी डिंक आणला, मेथी भिजवली, लाडू वळले. घरात एकच पोरगी, तीही बारावीला. यंदा नातू, असं त्यांनी शेजारच्या सिंधूताईंना सांगूनही टाकलं.

इकडं पुष्पांजलीच्या अंगावरून पाणी जायला लागलं. लालसर, पातळ, रोजच. पंधरवडा उलटला तरी थांबेना. देऊळघाटची तिची मावशी असल्याच कशानं तरी गेली होती. पुष्पांजलीनं गुपचूप ठरवून टाकलं की आपलंही तेच. लोकांचे ब्लाउज भराभर उरकायला घेतले, पोरीला भाकरी थापायला बसवलं. गजेंद्रला विचारलं तर तो लाजला. लाजून म्हणाला, होते तसं, आणि मोबाइल घेऊन ओसरीत गेला. पुढं पाणी थांबलं. दोनेक महिन्यांनी पाळी आली, पण नुसते डाग. सुनेची नेहमीची पाळी दिसेना म्हणून रुखमाबाईंना वाटलं दिवस राहिले, त्यांनी लाडवात तूप वाढवलं.

एका सकाळी पुष्पांजली कुणाला न सांगता एसटीत बसली.

डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं. हे सगळं मी तुमच्या मिस्टरांना सांगितलं होतं की, म्हणाल्या. मग त्यांनी पुन्हा सांगितलं. दोन-चार आठवडे पाणी जाणारच, ते बरं होण्याचं लक्षण. खरा फरक कळायला तीन महिने लागतात. कुणाची पाळी बंदच होते, बऱ्याच जणींची कमी होते, एखादीची होतही नाही कमी. बीजकोश जागेवर आहेत, त्यामुळं महिन्याची चिडचिड, छातीचं दुखणं होत राहील. पुन्हा खूप जायला लागलं, ताप आला, घाण वास आला, तर लगेच यायचं. "आणि दिवस राहू द्यायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "अस्तर नाही तिथं गर्भ धरला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून पाळी बंद झाली तरी काळजी घ्यायची. हे मी त्यांना दोनदा सांगितलंय."

पुष्पांजली परतीच्या गाडीत खिडकीशी बसली. मरायचं नाही, हे कळल्याचा आनंद व्हायला हवा होता. तिच्या डोक्यात मात्र त्या रात्री फिरत होत्या, ज्या रात्री या माणसाला सगळं माहीत होतं आणि तरीही तो दिवा मालवून जवळ सरकला होता.

ती घरी गेलीच नाही, सरळ दुकानात गेली. काउंटरला म्हातारे रंगराव टेकले होते आणि गजेंद्र त्यांना सांगत होता, पानं पिवळी पडतील, भेऊ नका. तिनं त्याला पुरतं बोलू दिलं.

मग म्हणाली, "आता माह्यं सांगा."

"काय?"

"माह्यं अस्तर जाळलं. जाळल्यावर काय होते ते डॉक्टरीणबाईनं तुमाले सांगतलं व्हतं. मले काऊन नाई सांगतलं?"

त्याचे कान लाल झाले. घरी बोलू, म्हणाला.

"घरी तुमी बोलत नाई. इथं बोलता."

रंगरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "सांग ना बे गजू," ते म्हणाले. "कपाशीचं सांगतं, अन् बायकोचं सांगाले जीभ जड होते काय?"

गजेंद्रनं सांगितलं. खताच्या पोत्यांकडं बघत, अडखळत सांगितलं. पाणी जाईल. पाळी कमी होईन नाईतर बंद. तीन महिने वाट पाहा. तिथं तो थांबला.

"अजून एक हाय," पुष्पांजली म्हणाली. "थे घरी, मायजवळ सांगजा."

संध्याकाळी रुखमाबाई लाडवांचा डबा घेऊन समोर बसल्या होत्या. गजेंद्रनं सुरुवात केली, मध्येच अडकला आणि बायकोकडं बघायला लागला, की हिनं आता सांभाळून घ्यावं. ती मशीनवर होती. तिनं पाय थांबवला नाही. शेवटी त्याला मशीनच्या आवाजावरून ओरडून सांगावं लागलं की, माय, नातू होणार नाई, दिवस राहिले तर तुही सून मरन.

रुखमाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. मग पहिल्यांदाच, मुलाला न विचारता, सुनेला विचारलं, "अन् मंग पाळीचं कसं होईन वं?"

पुष्पांजलीनं दोरा दातानं तोडला आणि सांगायला घेतलं. गजेंद्र उठून जायला लागला, तर म्हणाली, "बसा. तुमीबी आयका."

डॉक्टरीणबाईंनी तिला स्वतंत्र निजायलाही सांगितलंय, असंही तिनं मध्येच घुसडून दिलं. ते बाईंनी सांगितलं नव्हतं.