गूळ वाटून बदललेली पट्टी

दादाचं भंगाराचं दुकान आदिलाबादच्या बाहेर, तामसीच्या रस्त्याला होतं. बाबांनी ते सुरू केलं तेव्हा आजूबाजूला नुसती कपाशी होती. पुढे प्लॉट पडले, घरं झाली, गाव नगरपालिकेत गेलं. शेजाऱ्यांनी तक्रार केली: गॅस कटरचा आवाज होतो आणि तांब्यासाठी वायर जाळतात त्याचा धूर घरात येतो. तक्रार खोटी नव्हती. वायर जाळणं दादानं लगेच बंद केलं, तरी नोटीस आलीच. जुनी परवानगी दाखवा, नाहीतर जागा रिकामी करा.

बाबा गेल्यापासून घरचे कागद माझ्याकडे असतात. मी फाईल लावली: बाबांच्या नावाचा ग्रामपंचायतीचा परवाना, घरपट्टीच्या पावत्या, जमिनीचा उतारा, शेताचा नकाशा. वर यादी, आणि प्रत्येक कागदापुढे सर्व्हे नंबर.

"एवढं काऊन लिहून राह्यली वो बाई?" दादा म्हणाला. "परवाना दाखोला का झालं."

"अर्धी फाईल मी कोनालेच देत नाई."

कार्यालयात साहेबांनी माझ्या यादीवरून बोट फिरवलं आणि नकाशा उलगडला. परवाना शेताच्या वरच्या पट्टीचा होता. दुकान खालच्या पट्टीवर.

कारण मला ठाऊक होतं. वरची पट्टी बाबांची, खालची काकांची. काकांना विहीर हवी होती, ती वर. बाबांना रस्ता हवा होता, तो खाली. दोघांनी बांधावर उभं राहून गूळ वाटला आणि पट्ट्या बदलल्या. भावाभावांत कागद मागणं म्हणजे अपमान. पुढे परवाना काढताना बाबांनी स्वतःच्या नावावर होता तोच नंबर सांगितला. दुसरा कुठला सांगणार?

दुसऱ्या दिवशी काका आमच्यासोबत आले. "जागा याचीच हाये. मी सांगतो ना."

"परमिशन नंबर की होती है, चाचा, आदमी की नहीं," साहेब म्हणाले. आवाजात उर्मटपणा नव्हता. दुकान वरच्या पट्टीवर नेलं तर जुना परवाना विचारात घेता येईल, असंही त्यांनी सांगितलं.

परतताना आम्ही बांधावर थांबलो. "मंग इकडंच आन तुयं लोखंड," काका दादाला म्हणाले. "बापाचा गूळ परत देतो तुले."

दादा हसला नाही. तो विहिरीपाशी गेला, आत वाकून पाहिलं. त्या विहिरीवर काकांची वांगी-मिरची होती, दोन घरांचं पिण्याचं पाणी होतं. आमच्या दुकानाची माती तेलानं काळी पडली होती, तिथं गवतही उगवत नव्हतं.

"नाई काका," तो म्हणाला. "तेल खाली उतरते."

जागा रिकामी करून लोखंड हलवायला आठवडा लागला. त्याचीही यादी मीच केली. दादा आता ऑटो घेऊन गल्लोगल्ली भंगार गोळा करतो आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या दुकानात नेऊन टाकतो.

नंतर मी पट्ट्यांच्या अदलाबदलीचा कागद लिहिला. दादानं सही केली. काकांनी कागद बराच वेळ पाहिला, मग तेही सही करून गेले. गूळ कोणी आणला नाही.

यादीत नंबर नसते तर साहेबांनी नकाशा उलगडला असता का, हे मला माहीत नाही. दादानं ते कधी विचारलं नाही.